डोळस बाँब

विमानातून सुटलेला बाँब एकदा सुटला की तो वाऱ्याचा आणि गुरुत्वाकर्षणाचा. वैमानिकाची त्यावर सत्ता उरत नाही. शहरे जाळावयाची असतील तर एवढे आंधळेपण चालते. दुसऱ्या महायुद्धात ते चाललेही. पूल पाडावयाचा असेल तर मात्र चालत नाही. आकाशातून पाहता पूल म्हणजे पाण्यावर ओढलेली बारीक रेघ. बाँबला दिशा देण्याच्या विद्येचा इतिहास पुष्कळ अंशी पुलांचाच इतिहास आहे.

त्याचा प्रारंभ समुद्रावर झाला. इटलीची शरणागती जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबर १९४३ रोजी, जर्मन विमानांनी बिनतारी यंत्राने वळविता येणारे ‘फ्रिट्झ एक्स’ बाँब टाकून ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडविली. बाराशेंहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. अमेरिकेचा ‘एझॉन’ हा बाँब केवळ डावीउजवीकडे वळे. पुढेमागे तो सरकविता येत नसे. लांबट, अरुंद पुलाला तेवढे पुरेसे होते. १९४४ च्या अखेरीस बंगालमधील पांडवेश्वर येथून उडालेल्या विमानांनी ब्रह्मदेशातील रेल्वेपूल याच बाँबने पाडावयास आरंभ केला. बाँबच्या शेपटाशी जळणारी ज्योत पाहत त्याला वळवावयाचे असे. म्हणजे तो खाली पोहोचेपर्यंत विमानाला मार्ग सोडण्याची सोय नव्हती.

या विद्येची खरी कसोटी व्हिएतनाममध्ये लागली. हनोईच्या दक्षिणेस मा नदीवर थान्ह होआचा पूल आहे. ‘ड्रॅगनचा जबडा’ हे त्याचे स्थानिक नाव. १९६४ मध्ये पुरा झालेला हा पूल मध्ये काँक्रीटचा भक्कम खांब आणि दोन्ही काठांवर टेकड्यांत रुतविलेले पाये यांवर उभा होता. ३ एप्रिल १९६५ रोजी ७९ अमेरिकी विमाने त्यावर चालून गेली. बाँब लागले, धुराळा उडाला, पूल उभाच! दुसऱ्या दिवशीही तेच झाले. पुढील तीन वर्षांत शेकडो उड्डाणे झाली, विमाने पडली, वैमानिक मेले वा बंदिवान झाले. आणि रातोरात डागडुजी करून गावकरी वाहतूक पुन्हा सुरू करीत. पृथ्वीचे दोन अर्धगोल याच पुलाच्या बिजागरीने जोडलेले असावेत, असा विनोद अमेरिकी वैमानिकांत रूढ झाला. १९६७ च्या मार्चमध्ये दूरचित्रवाणीच्या डोळ्याने लक्ष्य ओळखणारे ‘वॉलआय’ बाँब नेमके लागले, परंतु त्यांतील दारू अपुरी पडली.

१९६८ मध्ये उत्तर व्हिएतनामवरील बाँबफेक थांबली. याच वर्षी लेझर किरणांचा बाँब रणांगणावर आला होता. त्याची युक्ती सोपी आहे. विमानातून लक्ष्यावर अदृश्य किरणांचा ठिपका धरावयाचा. परावर्तित किरण बाँबच्या नाकातील यंत्र टिपते आणि त्यानुसार त्याचे पंख वळतात. बाँब जुनाच, नवे ते फक्त डोके आणि शेपूट. ढग आले की हा डोळा मिटतो. २७ एप्रिल १९७२ रोजी ढगांमुळेच लेझर बाँब वापरता आले नाहीत. १३ मे रोजी आकाश निवळले, चौदा विमाने आली आणि पुलाचा पश्चिमेकडील भाग पायावरून निखळला. सात वर्षांत जे साधले नव्हते ते एका हल्ल्यात साधले. युद्धानंतर तो पूल पुन्हा बांधला गेला, हेही सांगावयास हवे.

पूल आकाशातून पाहिला तरी पूलच दिसतो. इमारतीचे तसे नसते. आत कोण आहे हे किरणाला कळत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात टाकलेल्या बाँबपैकी दिशादर्शित बाँब दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते, पण जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले ते बव्हंशी तेच. त्या युद्धात १३ फेब्रुवारीच्या पहाटे बगदादच्या अमीरिया भागातील एका काँक्रीटच्या आश्रयस्थानावर दोन लेझर बाँब पडले. ते लष्करी नियंत्रणकेंद्र आहे, अशी अमेरिकेची समजूत होती. दोन्ही बाँब छप्पर भेदून आत गेले. आत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले झोपलेली होती. चारशेंहून अधिक माणसे मेली.