जीपचे लॉकिंग हब : जुने की नवे?

जुनी जीप बाळगणारे हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तराआधी हे हब आले कुठून, ते पाहू.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला लॉकिंग हब नव्हतेच. पुढच्या चाकाच्या मध्यावर सहा बोल्टांनी आवळलेला फ्लँज असे. चाक आणि ॲक्सल शाफ्ट कायमचे जोडलेले. लिव्हरने फोर-व्हील काढली तरी शाफ्ट, डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट सगळे चाकांबरोबर फुकट फिरत राहायचे. लष्कराला ते चालत होते, आणि फौजी म्हणून मलाही पटते. अंधारात, चिखलात, वरून गोळीबार चालू असताना ड्रायव्हरने उतरून चाकापाशी बसायचे?

युद्ध संपले, जीप शेतकऱ्यांकडे गेल्या आणि डांबरी रस्त्यावर धावू लागल्या. आता ती फुकटची झीज, घरघर आणि पेट्रोल खुपू लागले. 1948 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या परिसरात आर्थर वॉर्न यांनी चाक शाफ्टपासून सोडवणारे हब बनवायला घेतले. त्याच सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली, म्हणून हा प्रश्न आपल्याही गॅरेजमध्ये आहे.

जुने हब जड, जाड धातूचे, चाकाबाहेर डोकावणारे. उघडा, धुवा, ग्रीस भरा, पुन्हा बसवा. अडचण एकच, सुटे भाग शोधत फिरावे लागते. नवे हब सुटसुटीत, डायल हाताने सहज फिरते. पण स्वस्त प्रकारात ती प्लास्टिकची असते आणि दगडाला घासली की गेली. घेताना दाते मोजा : जुन्या विलीजच्या शाफ्टला 10 स्प्लाइन असतात, नंतरच्या बऱ्याच जीपना 27.

माझे मत विचाराल तर धड अवस्थेतला जुना हब काढू नका. मिळत नसेल तर धातूच्या डायलचा नवा घ्या. दोन्ही बाबतींत मूळ फ्लँज भंगारात घालू नका, गाडीत ठेवा. हब फुटला तर तो फ्लँज आवळून घरी येता येते. शाफ्ट तुटला तर मात्र अख्खे नकल उघडावे लागते.

आणि दोन्ही बाजू तपासा. एकच हब लॉक राहिला तर साध्या डिफरन्शियलमुळे सगळी ताकद सुट्या बाजूला वाया जाते. पुढचे एकही चाक ओढत नाही. महिन्यातून एकदा हब लॉक करून, लिव्हर टू-व्हीलवरच ठेवून, काही किलोमीटर चालवा. पुढच्या डिफरन्शियलमधले तेल तेवढेच हलते.