नंदू नाटेकर : दक्षिण साताऱ्यातून क्वालालंपूरपर्यंत

आजचा धागा एका हौशी खेळाडूविषयी आहे. 'हौशी' हा शब्द आता आपण किंचित कमीपणाने वापरतो. सत्तर वर्षांपूर्वी मात्र तो मानाचा होता आणि बंधनाचाही. खेळून पैसा मिळवायचा नाही, मिळवलात तर स्पर्धेचे दार बंद, असा तेव्हाचा जागतिक दंडक होता.

आधी थोडा भूगोल. पटवर्धनांचे सांगली संस्थान १९४८ साली विलीन झाले. पुढच्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग करून, विलीन संस्थानांचा मुलूख जोडून, 'दक्षिण सातारा' हा जिल्हा निर्माण झाला. त्याला 'सांगली' हे नाव मिळाले ते १९६० साली. म्हणजे या धाग्यातला मुख्य प्रसंग घडला तेव्हा कागदोपत्री सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता! या साताऱ्याच्या जोडजिल्ह्यांनी चार-पाच वर्षांत देशाला जे दिले, ते एकत्र ठेवून पाहण्याची सवय आपल्याला नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार विजय हजारे, जन्म सांगलीचा. त्याच वर्षी जुलैत हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन उभे राहिले. आणि १९५६ साली नंदू नाटेकर.

नंदकुमार नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजी सांगलीत झाला. ते आरंभी बॅडमिंटनपटू नव्हतेच. त्यांचा खेळ टेनिस. १९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेत ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि तिथे हरले. हरवणारा मुलगा त्यांच्याहून जवळजवळ चार वर्षांनी लहान होता. त्याचे नाव रामनाथन कृष्णन. हाच मुलगा १९५४ साली विम्बल्डनचा कुमार विजेता झाला आणि १९६० व १९६१ या दोन्ही वर्षी तिथल्या मुख्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळला. हे सारे आपल्याला आज ठाऊक आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या नाटेकरांना ते ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी रॅकेट बदलली. ज्या खेळात राष्ट्रीय अंतिम फेरी गाठली तो सोडून दुसरा धरायचा, हा निर्णय मला त्यांच्या कोणत्याही विजेतेपदाहून अधिक धाडसाचा वाटतो.

बॅडमिंटन हा खेळ तसा आपल्या अंगणातलाच. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे आरंभीचे नियम बांधले, आणि काही काळ तो 'पूना' याच नावाने ओळखला गेला. पुढे नाव मिळाले ते इंग्लंडमधील एका सरदारी वाड्याचे. १९४७ साली प्रकाश नाथ यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. विजेतेपद मात्र हुकले.

नाटेकर विशीत असतानाच राष्ट्रीय विजेते झाले आणि १९५४ साली ऑल इंग्लंडमध्ये पहिल्याच प्रयत्नात उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. हे यश समजून घ्यायचे तर त्या काळचा मलाया समजून घ्यायला हवा. १९५० ते १९५७ या आठ वर्षांत ऑल इंग्लंडचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मलायाबाहेर गेलेच नाही : चार वेळा वाँग पेंग सून, चार वेळा एडी चुंग. थॉमस चषकाच्या १९४९, १९५२ आणि १९५५ या पहिल्या तिन्ही स्पर्धाही मलायानेच जिंकल्या. बॅडमिंटनचे सिंहासन त्या वेळी तिथे होते.

आणि १९५६ साली नाटेकरांनी सेलँगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली ती नेमकी क्वालालंपुरात. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. त्यामुळे लांबलचक फेरी जिंकूनही गुणफलक जागचा हलत नसे, केवळ सर्व्हिस हाती येई. अशा खेळात नुसत्या जोरकस फटक्यांनी भागत नाही. नाटेकरांचे बळ मनगटात होते : शेवटच्या क्षणी दिशा बदलणारा फटका, जाळीला लगटून पडणारे शटल, आणि जाणकारांनी वाखाणलेला बॅकहँड.

पुढची कारकीर्द थोडक्यात. राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद सहा वेळा. थॉमस चषकात सोळापैकी बारा एकेरी सामन्यांत विजय. १९६३ साली बँकॉकच्या किंग्ज चषकात एकेरीचे विजेतेपद. लहानमोठी मिळून शंभराहून अधिक विजेतेपदे. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी बॅडमिंटनसाठी निवड झाली ती नाटेकरांची.

या विजेतेपदांतून हाती काय आले? चषक, प्रमाणपत्रे, नाव. बॅडमिंटनची दारे बक्षिसाच्या रकमेसाठी उघडली ती सत्तरचे दशक सरता सरता. तोवर नाटेकरांचे खेळायचे वय केव्हाच उलटून गेले होते. सर्वांची हौस सारखी स्वस्त नव्हती, हेही इथे नोंदवले पाहिजे. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्याच खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मात्र मरणोत्तर. 'हौशी' या एका शब्दाखाली क्लबातला टेनिसपटू आणि तालमीतला मल्ल दोघेही बसत, पण खर्चाचा डोंगर दोघांपुढे एकाच उंचीचा नव्हता.

नाटेकर यांचे २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. त्यांचे पुत्र गौरव यांनी हाती धरली ती टेनिसची रॅकेट, वडिलांनी कृष्णनसमोर हरल्यावर खाली ठेवलेली. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेसच्या साथीने त्यांनी दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.