मृत्युलेख कोणी लिहावा?

मोरया गोसावी आणि मोरगाव ही नावे आपल्याकडे एका दमात घेतली जातात. त्यांची समाधी चिंचवडला पवनेकाठी आहे. आणि दरवर्षी भाद्रपदात व माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी कऱ्हेकाठच्या मोरेश्वराच्या भेटीला येते. इतकी जागती आठवण क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. पण त्यांनी समाधी नेमकी कोणत्या वर्षी घेतली, असे विचारले की अभ्यासकांत एकमत नाही. कोणी १५६१ म्हणतो, कोणी १६५५. जवळजवळ शंभर वर्षांचा फरक! श्रद्धेने नाव राखले. तो माणूस कसा बोले, कशाने रागावे, हे मात्र तिने राखले नाही.

पुढे १७९४ साली बारामतीस मोरोपंत वारले. आर्यांनी त्यांचे नाव गाजलेले होते, पण त्यांचा मृत्युलेख छापून यावा असे मराठी वृत्तपत्रच तेव्हा नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणजे आज आपण ज्याला मृत्युलेख म्हणतो तो प्रकार आपल्याकडे छापखान्याबरोबर आला.

या प्रकारात टिळकांनी आगरकरांवर 'केसरी'त लिहिलेल्या लेखाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, आणि ते योग्यच आहे. दोघे डेक्कन कॉलेजातले सोबती. १८८२ साली कोल्हापूरच्या प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. मग सुधारणेच्या प्रश्नावर फाटले. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी आगरकर खरोखरच गेले. वय अवघे अडतीस. टिळकांना तो मृत्युलेख लिहिताना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. मृत्यूच्या उग्र रूपापुढे मतभेदाच्या गोष्टी क्षुल्लक ठरतात आणि जुन्या आठवणींनी लेखणी अडखळते, असा त्यातील एका भागाचा आशय आहे. लेख थोर खराच. तरी आम्हांला वाटते की मतभेद बाजूला ठेवून लिहिणे हे त्यातल्या त्यात सोपे. ते तसेच ठेवून, प्रेम उणे न करता लिहिणे फार अवघड.

ते अवघड काम केले रमाबाई रानडे यांनी.

न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस वारले. रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक निघाले १९१० साली. नऊ वर्षांनी आलेल्या या पुस्तकाला मृत्युलेख म्हणावे काय, अशी शंका कोणी काढील. आम्ही म्हणू, जरूर म्हणावे. वृत्तपत्राच्या घाईतून सुटलेला मृत्युलेख म्हणावे.

त्यांची अडचण ध्यानात घ्या. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते विधवेशीच लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांचे लग्न झाले. ती कुमारिका म्हणजे खुद्द रमाबाई! पतीच्या आयुष्यातली जी गोष्ट विरोधकांनी आयुष्यभर उगाळली, तिचे कारण स्वतः लेखिकाच. दुसऱ्या कोणी तो भाग दोन ओळींत आटोपला असता. रमाबाईंनी तो सांगितला आहे. मुलाचे आणि वडिलांचे म्हणणे दोन्ही सांगितले आहे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, रानड्यांनी लग्नानंतर लगेच शिकवायला सुरुवात केली, आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा जाच सोसावा लागला, हेही त्यात आहे. पंचहौद मिशनमधील १८९० चा चहा आणि त्यापायी पुढे रानड्यांनी घेतलेले प्रायश्चित्त त्यांनी वगळलेले नाही, हे आम्ही विशेष मानतो. सुधारक मंडळी त्या प्रायश्चित्तावर रुष्ट झाली होती, आणि पतीचा कमीपणा झाकण्याची पत्नीला याहून चांगली संधी कोणती मिळाली असती?

हे सर्व लिहिताना आदर कोठे ढळत नाही. तो इतका आहे की आजच्या वाचकाला क्वचित अवघडल्यासारखे होईल. पण त्याच आदराबरोबर घरातला रुसवा आणि अबोलाही येतो, म्हणूनच तो आदर खरा वाटतो.

गावोगावच्या चौकांतून श्रद्धांजलीचे फलक लागतात. मनमिळाऊ, प्रेमळ, परोपकारी! नाव बदलले तरी मजकूर बदलावा लागत नाही. लिहिणाऱ्यांचे दुःख खोटे नसते; पण त्या मजकुरावरून शेजारच्या गावातल्या माणसाला तो गेलेला गृहस्थ ओळखू येईल काय? रमाबाईंच्या पानांतले रानडे मात्र वाटेत भेटले तर ओळखू यावेत.

रानड्यांच्या मागे त्या तेवीस वर्षे जगल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. १९२४ साली त्या वारल्या. या कामाविषयी त्या पुस्तकात काही सापडत नाही. ते १९०१ च्या जानेवारीतल्या त्या रात्रीपाशी येते आणि संपते.