गोधडीचं सस्पेन्स खातं

रत्नागिरीत टंचाई असते ती पाण्याची, आणि तीही एप्रिल-मेपुरती. इतिहासाची टंचाई इथे कधीच नसते. पाहुणे आले की आम्ही त्यांना रिक्षात घालतो आणि सुरुवात करतो. हे टिळकांचं जन्मस्थान, साल १८५६. हा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. हे पतितपावन मंदिर, १९३१; त्या काळात सावरकर इथे स्थानबद्ध होते. दुपारपर्यंत पाहुण्यांना इतिहास पचेनासा होतो. मग आम्ही त्यांना सोलकढी देतो.

पण या सगळ्या थोर मंडळींनी पावसाळ्यातल्या गारठ्यात रात्री अंगावर काय घेतलं, हे मी तरी एकाही पाटीवर वाचलेलं नाही. इतिहासाला तलवारीचं वजन ठाऊक असतं, पांघरुणाचं नसतं. म्हणून हे काम एका बँकेतल्या क्लार्ककडे आलं आहे.

गोधडी, किंवा आमच्याकडे म्हणतात ती वाकळ, ही वस्तू मी बी.कॉम. असल्यामुळे मला विशेष समजते. वाणिज्यशास्त्रात घसारा नावाचा प्रकार असतो. वस्तू दरवर्षी थोडी थोडी झिजते आणि शेवटी वहीत तिची किंमत शून्य होते. शास्त्र इथे थांबतं, आमची आजी इथून सुरू व्हायची. नऊवारी लुगडं दहा वर्षं नेसून विरलं, धोतराचा पंचा होऊन पंचाही फाटला, की त्या शून्यांचे चार-पाच थर एकावर एक अंथरायचे, बाहेर त्यातल्या त्यात धडकं लुगडं ठेवायचं आणि धावदोरा घालत सुटायचं. थरांमध्ये हवा अडकते, तीच ऊब धरते. टाक्यांचं काम एवढंच की थरांनी आपापली जागा सोडू नये. नवं कापड इथे चालत नाही, कारण ते टोचतं. इतक्या वर्षांच्या धुण्याने आलेला मऊपणा कुठल्याच दुकानात मिळत नाही.

ही युक्ती फार जुनी. इजिप्तमध्ये अबायडोसला राजाची एक हस्तिदंती मूर्ती सापडली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वय सुमारे पाच हजार वर्षं. त्या राजाच्या अंगावरचा चौकटी-चौकटींचा झगा शिवलेल्या गोधडीचाच असावा, असं जाणकार मानतात. म्हणजे गोधडी मुळात राजाची. आपल्याकडे ती संतांनी घेतली. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र घालून गावोगाव झाडू मारीत हिंडले, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

गोव्याच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी बायका कवंडी शिवतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि टाके घालत घालत मध्यावर येऊन पोचतात. चारी कोपऱ्यांत कापडाची छोटी त्रिकोणी घडी शिवतात, तिला ‘फुला’ म्हणतात. फुलाशिवाय कवंडी म्हणजे उघडी-नागडी. गुलामगिरीतून माणसं काय वाचवून आणतात पाहा.

तिकडे इंग्लंडात बायका कागदाचे तुकडे कापून त्यांवर कापड गुंडाळीत आणि मग ते तुकडे एकमेकांना जोडीत. काम पुरं झालं की कागद काढायचे, अशी पद्धत. १७१८ हे साल कापडाच्याच तुकड्यांनी घातलेलं एक रेशमी पांघरूण तिथे जपलेलं आहे. त्यातले कागद आतच राहिले आहेत. अर्धवट सोडलेल्या अशा कामांमध्ये जुनी पत्रं, मुलांच्या कित्त्यांची पानं, जमाखर्चाचे कागद सापडतात. ज्यांनी काम पुरं केलं त्यांचे हिशेब केरात गेले, ज्यांनी आळस केला त्यांचे म्युझियममध्ये पोचले. आमच्या बँकेतल्या काही टेबलांना या न्यायाने उज्ज्वल भविष्य आहे.

आता आमच्या घराकडे येतो. माळ्यावरच्या ट्रंकेत तीन गोधड्या होत्या, तिन्ही अर्धवट. एक आजीची, एक आईची, एक खुद्द सौ.ची. बँकेत ज्या रकमेचं नक्की काय करायचं ते कळत नाही, ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. तसं आमच्या घरात ही ट्रंक.

आजीची गोधडी का थांबली, ते शोधायला मुंबईला जावं लागतं. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि आमच्या जिल्ह्यातला कर्ता पुरुष गिरणगावात निघाला. आमचे थोरले काकाही गेले. मे महिन्यात येताना ते गिरणीच्या कापडाचे तुकडे आणीत आणि आजीची गोधडी वितभर पुढे सरके. मग १८ जानेवारी १९८२ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संपाचा शेवट काही झालाच नाही. काका बायकोमुलांसह गावी परतले. कापडाचे तुकडे यायचे थांबले, हे एक. दुसरं म्हणजे ओटी भरली, माजघर भरलं. गोधडी शिवायला ती सबंध जमिनीवर पसरावी लागते, आणि आजीला जमीनच उरली नाही. गिरणी संपावर पुस्तकं आहेत, त्यांत हे नुकसान कुठे मांडलेलं नाही.

आईची गोधडी नायलॉनने थांबवली. आई आणि आत्या गोल साड्या नेसू लागल्या, त्याही सुळसुळीत. ती साडी विरत नाही, घाम टिपत नाही आणि एका थरावर दुसरा थर ठेवला की तिसऱ्या खोलीत पळते. त्यातच घरात कॉट आली, लग्नाच्या आहेरात ब्लँकेटं आली. सौ.ची गोधडी लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात सुरू झाली. कोकणातल्या मे महिन्यात आंबे, फणसाची साठं, पापड आणि चाकरमानी एकदम येतात. या लग्नाला आता एकोणीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी सौ.ने ट्रंक उघडली आणि तिन्ही पुऱ्या करायचं जाहीर केलं. मशीनवर.

शिवणयंत्राचा इतिहास मारामारीने सुरू होतो. तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० साली पेटंट घेतलं आणि पॅरिसला सैन्याचे गणवेश शिवायला ऐंशीएक यंत्रं बसवली. पोटावर पाय येणार म्हणून दुसऱ्या शिंप्यांनी १८३१ साली ती फोडून टाकली. पुढे अमेरिकेत १८४६ साली हाऊने आणि १८५१ साली सिंगरने पेटंट घेतलं, आणि यंत्र जगभर गेलं. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ काढली आणि ती मुलीच्या रुखवतात जाऊन बसली.

पण या यंत्राचा स्वभाव सरकारी. सुईखाली दातेरी पट्ट्या असतात, त्या प्रत्येक टाक्याला कापड ठरावीक अंतर पुढे ढकलतात. सरळ रेषा छान येते. वळायचं म्हटलं की सगळी गोधडी उचलून फिरवा. यावर जो उपाय आहे त्याला ‘फ्री मोशन’ म्हणतात. दाते खाली पाडायचे किंवा झाकायचे, नेहमीच्या पायाऐवजी स्प्रिंगचा पाय लावायचा, आणि कापड आपल्या दोन हातांनी हवं तिकडे फिरवायचं. फूल काढा, लाट काढा. एकच अडचण: आता टाक्याची लांबी ठरवणारं कुणी नाही. पाय जोरात आणि हात सावकाश, तर एकाच जागी टाक्यांची गाठ; हात जोरात आणि पाय सावकाश, तर टाके नव्हे, टांगा. स्वातंत्र्य मिळाल्यावर सगळ्यांचंच असं होतं.

पहिला महिना सौ.ने चिंध्यांवर हात बसवला. वरून नागमोडी रेघ आणि खालून दोऱ्याचं जाळं. मग कळलं की आधी कागदावर पेन न उचलता नक्षी गिरवायची, आपलं नाव गिरवायचं, हाताला वळण लागलं की कापडावर यायचं. कापड निसटू नये म्हणून नोटा मोजताना बोटांना घालतात त्या रबरी टोप्या तिने मागितल्या. त्या मी स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणल्या, ही नोंद इथे असू द्या. तीन महिन्यांनी तिच्या लाटा एकसारख्या येऊ लागल्या आणि तिने आजीची गोधडी मशीनखाली घेतली.

“थांब,” मी म्हटलं.

वीस वर्षं मी सह्या तपासतो आहे. आजीचे टाके बारीक आणि डावीकडे किंचित कललेले, दर सातआठ टाक्यांनी एक जरा मोठा. गोधडीभर तसेच. मध्येच हातभर लांबीत टाके सरळ आणि एकसारखे होते.

“हे आईंचे,” सौ. म्हणाली. “आजी आजारी होत्या तेव्हा घातले असतील.”

आजीला लिहिता येत नव्हतं. बँकेतल्या तिच्या कार्डावर सहीच्या जागी अंगठा होता, आणि कार्ड भरणाऱ्या साहेबांनी शेजारी ‘निरक्षर’ असं लिहिलं होतं. सव्वादोन मीटर लांबीची सही त्यांना कुणी दाखवली नव्हती.

बँकेत दुसऱ्याच्या लिखाणावर गिरवायचं नाही, हा नियम. सौ.ने तो पाळला. आजीचे टाके जिथे संपले तिथे बोटभर जागा सोडून तिने मशीनच्या लाटा सुरू केल्या. जुन्या टाक्यांत सुई घातली नाही. आता त्या गोधडीवर तीन हात दिसतात आणि कुठला कुणाचा ते लपत नाही.

बँकेत ज्या खात्यात दोन वर्षं व्यवहार होत नाही ते निष्क्रिय ठरतं, आणि दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४पासून ही व्यवस्था आहे. तरी वारसांचा हक्क बुडत नाही. कागद घेऊन यावं लागतं इतकंच. इथे ट्रंकेची चावी पुरली.

कोपऱ्यात साल घालावं, हा माझा आग्रह. साल झालं, मग नावाचा प्रश्न आला. आजीचं सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. माहेरचं कुणालाच येईना. शेवटी खेडला तिच्या भाचीला फोन केला, ती ब्याऐंशी वर्षांची. तिने अर्धा तास आंब्याचा भाव सांगितला आणि मग नाव सांगितलं.

सौ.ने दोन्ही नावं शिवली. बँकेत यासाठी नाव बदलल्याचा पुरावा मागितला असता.