चिखलातील खेकडा (काळी चिंबोरी)

कवचधारी संधिपाद प्राणी. कुल पोर्ट्युनिडी, प्रजाती सायला. रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री, काजळी, वाशिष्ठी अशा नद्यांच्या खाड्यांत, कांदळवनाच्या मुळांशी चिखलात बिळे करून राहतो. कोकणात मोठ्या खेकड्याला कुर्ली असेही म्हणतात. कवच हिरवट काळे. दोन्ही कडांना प्रत्येकी नऊ दाते. पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असल्याने तो उत्तम पोहतो. मादीचे पोटपाळे रुंद, नराचे निमुळते. बाजारात नर-मादीची पारख त्यावरूनच होते. पूर्वी सगळे एकाच जातीत मोजत. 1998 मध्ये चार जाती निश्चित झाल्या.

वाढीसाठी तो कात टाकतो. नव्या कवचात सुरुवातीला पाणीच अधिक असते, म्हणून असा ‘पोकळ’ खेकडा घेऊ नये. तो काही आठवडे खाऊ घालून भरीव करण्याचा जोडधंदा कांदळवन राखूनही करता येतो, हे या धंद्याचे खरे मोल. अंडी घालायला मादी खाडी सोडून समुद्रात जाते. अंडीवाली मादी पकडणे म्हणजे लाखो पिल्लांची शक्यता संपवणे.

स्वयंपाकात बारीक पाय वाटून गाळलेला रस रश्शात घालतात. चव त्यातच उतरते.