वीज वाहणाऱ्या काचेची कुळकथा

वराळ्याहून तळेगाव स्टेशनाकडे येताना मला नेहमी पैसा फंडाची आठवण होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत निधी उभा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावात काचभट्टी पेटली. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. त्या भट्टीवर तयार झालेले कारागीर पुढे दूरदूरच्या कारखान्यांत गेले.

ही भट्टी पेटण्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत, लाइपझिगला, कार्ल बेडेकर नावाच्या तरुण पदार्थवैज्ञानिकाने काचेवर कॅडमियमचा अतिशय पातळ थर दिला आणि तो हवेत तापवला. धातूचे ऑक्साइड झाले, थर पारदर्शक झाला, तरी त्यातून वीज वाहत राहिली. आरपार दिसते ती काच आणि वीज वाहतो तो धातू, ही समजूत तिथे मोडली. प्रवासमार्गदर्शिका छापणाऱ्या प्रसिद्ध बेडेकर घराण्यातला हा माणूस १९१४च्या ऑगस्टमध्ये, महायुद्धाच्या पहिल्याच दिवसांत मारला गेला.

पण वीज वाहणाऱ्या काचेच्या या कुळाचा मूळपुरुष प्रयोगशाळेत शोधू नये. तो भट्टीपाशीच सापडतो. एकोणिसाव्या शतकापासून युरोपातले काचकारागीर तापलेल्या भांड्यावर कथलाच्या क्षाराची वाफ किंवा फवारा सोडत. काचेवर मोरपिशी झळाळी येई. ती कथलाच्या ऑक्साइडच्या पातळ थराची झळाळी होती. गिऱ्हाईक रंग पाहून खूश व्हायचे. त्यातून वीज जाते का, हे तपासायचे कोणाला कारणच नव्हते. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड मॅकमास्टर यांनी असा वीजवाहक लेप विकसित केला. विमानाच्या पुढच्या काचेतून वीज सोडून तिच्यावरचे बर्फ वितळवता येऊ लागले.

वीज जाते ती थरातल्या उणिवेमुळे. कथलाच्या ऑक्साइडमध्ये अणूंची मांडणी बिनचूक असती, तर ते विजेला अडवणारेच ठरले असते. एखाद्या जागी ऑक्सिजनचा अणू नसला, की त्याने धरून ठेवायचे दोन इलेक्ट्रॉन उरतात आणि ते फिरू लागतात. थोडे अँटिमनी किंवा फ्लोरिन मिसळले, की अशा फिरत्या इलेक्ट्रॉनांची संख्या आणखी वाढते. प्रकाश मात्र अडत नाही. या ऑक्साइडचा ऊर्जापट्ट्यांमधला खंड सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा त्याहून कमी पडते.

पृष्ठभागाची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन खेचून घेतो आणि विजेचा रोध वाढतो. गळलेला गॅस आला, की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो. इलेक्ट्रॉन थरात परततात आणि रोध घसरतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली यावरून वायुसंवेदक बनवला. घरातल्या गॅसगळतीचा इशारा देणारी यंत्रे त्याच वंशातली. फोनच्या पडद्यावरचा बोटाचा स्पर्श ओळखणारा थर याच घराण्यातला, मात्र त्यात इंडियम मुख्य आणि कथील थोडे.

महाराष्ट्रात हे कूळ चांगले रुजले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बनवण्याचे काम कित्येक वर्षे चालत आले आहे. तिथल्या प्रमोद पाटील यांनी १९९९ साली या पद्धतीचा घेतलेला आढावा जगभर वाचला गेला. पुण्याचे सतीशचंद्र ओगले यांनी मेरिलँडमध्ये सहकाऱ्यांसह लेझरच्या झोतांनी थर बनवले. कथलाच्या ऑक्साइडमध्ये थोडे कोबाल्ट मिसळल्यावर त्या पारदर्शक थरात खोलीच्या तापमानालाही चुंबकत्व दिसते, असे त्यांनी २००३ साली मांडले.

पैसा फंडाच्या भट्टीने असली काच केली नाही. पण तापलेली काच, कथलाचा क्षार आणि हवा, हे सगळे साहित्य तिच्या आवाक्यातले होते. वराळ्यात आज अभियांत्रिकीची मुले शिकतात, शेजारी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: प्रयोगशाळेतल्या धुराड्याखाली, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, चारशे-पाचशे अंशांवर तापवलेल्या काचेच्या पट्टीवर कथलाच्या क्लोराइडचे द्रावण एकदा मुलांकडून फवारून घ्या. पट्टी निवली की मल्टिमीटरची दोन टोके तिच्यावर त्यांनाच टेकवू द्या.