क्षय, कूळ आणि जनुक

विवाहासाठी कोणती कुळे वर्ज्य मानावीत, याची यादी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तीत क्षयरोगाचे कूळही आहे. हा आजार रक्तातूनच येतो, अशी समजूत युरोपातही दृढ होती. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू जगासमोर मांडला आणि कुळावरचा आरोप सैल झाला.

मग नवा प्रश्न उभा राहिला. जिवाणू शरीरात शिरूनही बहुतेक जण आजारी का पडत नाहीत? १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक शहरात घातक क्षयजंतू मिसळलेली बीसीजी लस सुमारे २५० नवजात बालकांना तोंडावाटे दिली गेली. ७२ बालके क्षयाने दगावली, बहुसंख्य वाचली. पुढे कित्येक वर्षे हा आनुवंशिक प्रतिकारशक्तीचा पुरावा मानला गेला. परंतु प्रत्येक बालकाच्या पोटात गेलेली जंतूंची मात्रा सारखी नव्हती. मात्राच बदलत असेल, तर फरकाचे श्रेय आनुवंशिकतेला कसे द्यायचे?

भक्कम पुरावा १९९६ मध्ये आला. इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन जंतूंचा नाश करण्याचा निरोप पेशींना देते. माल्टा आणि ट्युनिशिया येथील काही मुलांत हा निरोप स्वीकारणारा ग्राहीच सदोष होता, तोही एकाच जनुकातील बिघाडामुळे. निरुपद्रवी समजले जाणारे क्षयकुळातील जंतू, अगदी बीसीजीसुद्धा, त्यांना झेपत नव्हते.

भारतात बीसीजी जन्मतःच दिली जाते आणि ती योग्यच आहे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती बालकांना वाचवते. मात्र असा दोष असलेल्या विरळा बालकाला लसच आजारी पाडते. मुंबईतील आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा दोषांचे निदान होते.

तरीही जनुकाला जुन्या कुळाच्या जागी बसवू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा शिधा दिला गेला. त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. जनुके तीच होती, ताटातले अन्न बदलले होते.

एक विनंती. घरात पूर्वी एखाद्या बाळाला बीसीजीनंतर गंभीर आजार झाला असेल किंवा प्रतिकारशक्तीच्या दोषाने बाळ दगावले असेल, तर पुढील बाळाच्या लसीकरणाआधी डॉक्टरांना ते अवश्य सांगा. ही माहिती लपवण्यात कुळाची अब्रू राखली जात नाही. बाळाचा जीव मात्र धोक्यात येतो.